बीगलच्या पिल्लाचा 'चेरी आय' कापायचा का? आणि म्हाताऱ्या खंड्याचे निळसर डोळे

वाईची माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. घरी एक पिल्लू आणि माहेरी एक म्हातारा, दोघांच्याही डोळ्यांनी एकाच आठवड्यात काळजीत टाकलंय.

चिक्की बीगल आहे, साडेपाच महिन्यांची. रविवारी सकाळी बघते तर तिच्या उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात डाळिंबाच्या दाण्याएवढा लालबुंद गोळा. मी घाबरले, ती मात्र खेळत होती. संध्याकाळी गोळा आत गेला, सोमवारी परत बाहेर आला, आणि आता जातच नाही. मधूनमधून पंजाने डोळा चोळते. जवळच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "चेरी आय आहे, पाच मिनिटांचं काम. कापून टाकू, शुक्रवारी उपाशीपोटी आणा." मी हो म्हणून आले, पण तेव्हापासून मन लागत नाही.

दुसरा खंड्या, वाईला आईकडे. गावठी, अकरा वर्षांचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत उजेडात निळसर दुधाळ झाक दिसते. आई म्हणते मोतीबिंदू. बाबा म्हणतात, अंगणात भाकरीचा तुकडा टाकला तर अजून हवेत झेलतो, मोतीबिंदू कसा असेल? पण तिन्हीसांजेला घाटाच्या पायऱ्या उतरताना तो हल्ली थबकतो, हे मी स्वतः पाहिलंय.

ज्यांच्याकडे कुत्रं लहानाचं म्हातारं झालंय त्यांनी कृपया सांगा. डोळ्यांचं नक्की काय आणि कधीपासून बघायचं असतं?

तुळशीकट्टा

चेरी आयचं माहीत नाही, पण आमची आजी कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मध नाहीतर गुलाबपाणी घालायची. डोळे स्वच्छ व्हायचे. शुक्रवारपर्यंत करून बघा. आपोआप बसेलही.

मुक्कामी गाडी

ताई, शुक्रवारी नेऊ नका. आधी माझं वाचा, मग ठरवा. आणि मध, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका. वरच्यांनी मायेनेच सांगितलंय, पण त्या डोळ्याला आत्ता नवं काही झोंबायला नको.

मी एसटीत वाहक होतो, इस्लामपूर आगारात. २००९ च्या दिवाळीत थोरल्या मुलीने कॉकर स्पॅनियलचं पिल्लू आणलं. राणी. ती सात महिन्यांची असताना डाव्या डोळ्यात अगदी तुम्ही लिहिलाय तसाच लाल गोळा आला. ज्यांना दाखवलं त्यांनी हेच सांगितलं, कापू. मी हो म्हटलं. आठवड्यात डोळा स्वच्छ झाला आणि मी घरी सगळ्यांना सांगत सुटलो, किती सोपं काम होतं म्हणून.

ती गाठ नव्हती. कुत्र्याला वरची-खालची सोडून तिसरी एक पापणी असते, नाकाच्या बाजूला दडलेली. गाढ झोपेतून उठताना डोळ्यावरून पांढरट पडदा सरकताना दिसतो ना, तीच. तिच्या मुळाशी अश्रूंची ग्रंथी असते. ती जागेवरून निसटून वर आली की लाल गोळा दिसतो. डोळ्याला जेवढं पाणी लागतं त्यातलं निदान तिसरा हिस्सा पाणी ही एकटी ग्रंथी देते. आम्ही ती कापली, म्हणजे विहिरीचा एक झराच बुजवला. उरलेल्या झऱ्यावर तीन-चार वर्षं निभावलं, म्हणून आम्हाला कळलं नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात डाव्या डोळ्यात सकाळी चिपडं दिसायला लागली. पिवळट, चिकट, तार निघेल अशी. मी म्हटलं धूळ असेल. मग डोळ्याची चमक गेली. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यात खिडकी दिसते, उजेडाचा चौकोन असा लख्ख उठतो. राणीच्या उजव्या डोळ्यात तो चौकोन दिसायचा, डाव्यात नुसता धुरकट ठिपका. हे मला बायकोने दाखवलं. मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

तेव्हा मी दुसरी चूक केली. घरात माझ्या डोळ्यांच्या औषधाची उरलेली बाटली होती, तीच चार दिवस घातली. त्यात स्टेरॉइड होतं. कोरड्या डोळ्यावर आधीच जखम झाली होती, ती स्टेरॉइडने आणखी खोल गेली. पाचव्या दिवशी डोळा उघडेना. पुढे जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं ते कायमचं.

मग पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. कुत्र्यांच्या डोळ्यांचे वेगळे डॉक्टर असतात हेच मला तेव्हा कळलं. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी काढली. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवलं आणि घड्याळ लावून बरोबर एक मिनिट धरलं. पट्टी जेवढी भिजेल तेवढे अश्रू. १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक. राणीच्या उजव्या डोळ्यात १९ आली, डाव्यात ४. मी ती पट्टी मागून घेतली. अजून पाकिटात आहे.

त्यानंतर ती जाईपर्यंत रोज दोन वेळा औषध. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. सायक्लोस्पोरिनचं, म्हणजे अश्रू वाढवणारं मलम, आणि मध्ये दोन-तीनदा डोळा ओला ठेवणारे साधे थेंब. मलमाचा गुण यायला दीड महिना लागला. तोवर धीर सुटतो, सोडू नका. माझी मुक्कामी गाडी असली की बायको घालायची. तिने एकदाही चुकवलं नाही.

कसं घालायचं ते लिहितो, कारण हे कोणी नीट सांगत नाही. पाणी उकळून वाटीत कोमट होऊ द्यायचं. कापसाचा बोळा त्यात बुडवून, पिळून, मिटल्या पापणीवर धरायचा. चिपडं खरवडायची नाहीत, मऊ होऊ द्यायची. मग नाकाकडून कानाकडे एकदा पुसायचं आणि बोळा टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. मग कुत्र्याला आपल्या गुडघ्यांमध्ये पाठमोरं बसवायचं. हात मागून, डोक्यावरून आणायचा. समोरून ट्यूब येताना दिसली की मान फिरते. वरची पापणी अंगठ्याने उचलायची आणि तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडायचं. ट्यूबचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग लगेच काहीतरी खायला. राणीला शेंगदाणा लागायचा, एकच. पुढे पुढे सहा वाजले की ती स्वतःच येऊन गुडघ्यांमध्ये बसायची.

म्हणून सांगतो, ग्रंथी कापायची नाही, आत बसवून टाके घालायचे. तसं ऑपरेशन होतं. जे करतात त्यांच्याकडेच जा, मग शंभर किलोमीटर जावं लागलं तरी जा. दोन गोष्टी आधीच विचारा: "ग्रंथी ठेवणार ना?" आणि "ऑपरेशनच्या आधी अश्रू मोजणार ना?" दोन्ही डोळ्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा. तोपर्यंत चिक्कीच्या गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला, चोळू देऊ नका, आणि डॉक्टरांना विचारून साध्या कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. स्टेरॉइड नाही, हे दुकानदाराला दोनदा विचारा.

राणीच्या म्हातारपणाचंही सांगायचंय, पण हात दुखले. उद्या लिहितो.

साताऱ्याचा पशुवैद्य

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आयुष्य गाईम्हशींत गेलं, कुत्री संध्याकाळी घरी यायची. वरच्या वाहकसाहेबांनी लिहिलंय ते बरोबर आहे. पूर्वी ही ग्रंथी सर्रास कापत. नंतर कोरड्या डोळ्यांची कुत्री येत राहिली, तेव्हा ती जपायची असते हे पटलं. बीगल, कॉकर, बुलडॉग यांत हा त्रास जास्त, आणि बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आतच होतो. एका डोळ्याला झाला की पुढे दुसऱ्यालाही होऊ शकतो. आत बसवलेली ग्रंथी क्वचित पुन्हा निसटते. तरीही बसवायचीच.

ताई, खंड्याबद्दल. तुमचे वडील बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. डोळ्यातल्या भिंगात जन्मभर नवे थर चढत राहतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. जुने थर मध्ये दाबले जाऊन घट्ट होतात. साधारण सात वर्षांनंतर त्या घट्ट गाभ्यावरून उजेड विखुरतो आणि बाहुली निळसर दिसते. हा मोतीबिंदू नाही. जवळचं थोडं कमी दिसतं, पण कुत्र्याचं काम चालतं. मोतीबिंदू पांढरा असतो, दह्याच्या कवडीसारखा किंवा फुटलेल्या बर्फासारखा.

घरी असं करा. रात्री दिवा घालवा आणि दोन हातांवरून खंड्याच्या डोळ्यात बॅटरीचा मंद झोत क्षणभर टाका. आतून हिरवी-पिवळी चमक परत आली तर उजेड आत पोचतोय. पांढरा अडसर दिसला आणि चमक आली नाही तर तपासायला न्या. मग दिवसा त्याच्यासमोर उंचावरून कापसाचा बोळा सोडा. त्याचा आवाज होत नाही, वासही नाही. नजर बोळ्यामागे गेली तर दिसतंय. भाकरीला वास असतो, म्हणून भाकरीवर विसंबू नका. पायऱ्यांवर थबकतो म्हणालात, तर गुडघे आणि कंबरही दाबून बघायला सांगा. अकराव्या वर्षी पायरी डोळ्यांमुळे नको होते तशी सांध्यांमुळेही होते. अंधारात अडखळणं आधी आणि उजेडातलं नंतर, असं वाढत गेलं तर डोळ्याच्या आतला, मागचा पडदा झिजत असू शकतो.

म्हातारं कुत्रं एकदम भरपूर पाणी प्यायला लागलं, घरात लघवी व्हायला लागली, खाऊनही वाळलं आणि डोळे पाहता पाहता पांढरे झाले, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहात कुत्र्याचा मोतीबिंदू काही आठवड्यांतही पिकतो.

आपल्याकडच्या दोन गोष्टी पुस्तकात वाचण्यापेक्षा रानात जास्त दिसतात. एक कुसळ. दिवाळीच्या सुमाराला माळावरचं गवत वाळतं आणि फिरून आलेलं कुत्रं एकच डोळा घट्ट मिटून बसतं, पाणी गळतं. कुसळ तिसऱ्या पापणीच्या मागे जाऊन बसलेलं असतं आणि दर उघडझापीला बुबुळावर ओरखडा काढतं. डोळा बधिर करून पापणी उचलल्याशिवाय ते दिसत नाही. घरी चिमटा घालू नका. दुसरी गोष्ट गोचीड. गोचीडतापात डोळा आतून लाल होतो, कधी आत रक्त उतरतं. लोक डोळे आले म्हणून थेंब घालत बसतात आणि आजार रक्तात असतो. ताप, मलूलपणा, नाकातून रक्त, अंगावर गोचीड, यातलं काही सोबत असेल तर रक्त तपासा.

स्टेरॉइडचा मुद्दा मी पुन्हा लिहितो. लाल डोळ्यात हिरवा रंग टाकून बुबुळावर जखम आहे का, हे पाहिल्याशिवाय स्टेरॉइडचा थेंब पडता कामा नये. जखम असेल तिथे तो रंग चिकटून चमकतो. दोन मिनिटांची तपासणी आहे, हक्काने मागा.

चुना, फटाक्याची दारू किंवा रंग डोळ्यात गेला तर आधी स्वच्छ पाण्याची धार धरा, पंधरा-वीस मिनिटं, मग गाडी काढा. चुना थांबत नाही, आत जाळत जातो.

दाभोळ खाडीकाठ

अगदी लहानपणाचं मी सांगते, कारण आमच्या वाडीतल्या कुत्र्या दरवर्षी आमच्याच पडवीत वितात. पिल्लांचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास आपोआप उघडतात. लहान मुलं बोटांनी उघडून बघायला जातात, त्यांना रागवावं लागतं. उघडल्यावरही डोळे निळसर असतात आणि पिल्लू नीट बघायला लागेपर्यंत आणखी काही आठवडे जातात.

दोन वर्षांपूर्वी एका पिल्लाची मिटलेली पापणी फुगून टम्म झाली. मला वाटलं उघडायच्या आधी होत असेल तसं. आठव्या दिवशी कोपऱ्यातून पू आला. डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या कापसाने शेकत शेकत पापणी हलकेच उघडली, आत पू साठला होता. आणखी एक दिवस गेला असता तर डोळा गेला असता, असं ते म्हणाले. ते पिल्लू आता खालच्या वाडीत आहे, दोन्ही डोळे ठणठणीत. म्हणून डोळे उघडायच्या आधीही पापण्या रोज बघाव्यात, फक्त हात लावू नये.

आणि डोळ्यांतून-नाकातून घट्ट शेंबूड, सोबत ताप आणि खोकला असला तर ते डोळ्यांचं दुखणं नसतं, डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूचा आजार असू शकतो. सहा-आठ आठवड्यांपासूनच्या लसी म्हणून चुकवायच्या नाहीत.

मुक्कामी गाडी

राहिलेलं लिहितो.

राणीचा उजवा डोळा चांगला होता, १९ मिलिमीटरवाला. आमचा सगळा जीव डाव्या डोळ्यात अडकलेला. २०२० च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी उजवा डोळा लाल झाला. ती डोकं भिंतीला टेकवून उभी राहिली, जेवली नाही. बाहुली मोठी झालेली आणि उजेड टाकला तरी लहान होईना. बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं. मी म्हटलं, डोळे आलेत, दोन दिवस बघू. ते दोन दिवस मला आयुष्यभर पुरतील.

तो काचबिंदू होता. डोळ्यातला दाब १० ते २५ च्या आत हवा, तिचा ५२ निघाला. इतक्या दाबात नजर एक-दोन दिवसांत जाते आणि गेलेली परत येत नाही. कॉकरला हा आजार जास्त होतो, हे मला आधी माहीत असतं तर मी त्याच रात्री निघालो असतो. ताई, लाल डोळा, मोठी बाहुली, धुरकट बुबुळ आणि दुखणं, एवढं एकत्र दिसलं की सकाळची वाट बघू नका.

औषधांनी दाब उतरेना आणि दुखणं थांबेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोळा काढू. आम्ही दोघं रात्रभर रडलो. पण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी राणी उठली, शेपूट हलवत दारापर्यंत आली आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. तेव्हा कळलं, आम्हाला तिच्या दिसण्याचं दुःख होतं आणि तिला दुखण्याचं. डाव्या डोळ्याने तिला फक्त उजेड-अंधार कळायचा.

त्यानंतर ती पावणेदोन वर्षं जगली आणि चांगली जगली. घरातली खाट, पाण्याची वाटी, चपलांची जागा, काही हलवलं नाही. पायरीच्या वर आणि खाली गोणपाट टाकलं, पायाला गोणपाट लागलं की तिला कळायचं पायरी आली. बायकोने लग्नातले पैंजण काढून पुन्हा पायात घातले, राणीला ती कुठल्या खोलीत आहे हे कळावं म्हणून. हात लावायच्या आधी नाव घ्यायचो. आणि मी तिला बेल शिकवली. गाडीत एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. तसं जिभेने एकदा टिचकी दिली की ती थांबायची, दोनदा दिली की चालायची. कॅनॉलपर्यंत रोज जायचो, रस्त्यावर कधी धडपडली नाही.

२०२२ च्या श्रावणात गेली. सहा वाजले की अजून हात वाटीकडे जातो.

वाईची माहेरवाशीण

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा करा. शुक्रवारी मी गेले नाही. चिक्कीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, काका, तुमचे दोन्ही प्रश्न तसेच्या तसे विचारले. अश्रू आधी मोजले. उजवा १७, डावा २०, आईने वहीत लिहिलेत. मग ग्रंथी आत बसवून टाके घातले. आज नववा दिवस. कोन घालून दाराला धडकत असते, पण डोळा शांत आहे आणि त्यात खिडकीचा चौकोन दिसतो. तो मी रोज सकाळी बघते.

खंड्याला बाबांनी बॅटरी दाखवली, दोन्ही डोळ्यांतून हिरवी चमक आली. कापसाच्या बोळ्यामागे मान फिरवली. पण डॉक्टरांनी मागचा पाय ताणला तेव्हा तो कळवळला. गुडघाच आहे, त्याचं औषध सुरू केलंय. बाबांनी घाटाऐवजी आता सपाट रस्ता धरलाय.

काका, एक विचारायचं होतं. पाच दिवसांनी दाखवायला न्यायचंय, नेताना काही जपायचं का?

मुक्कामी गाडी

ताई, वाचून बरं वाटलं. बायकोलाही वाचून दाखवलं.

गळ्यातला पट्टा काढा, छातीचा पट्टा घाला. मान ओढली गेली की डोळ्यातला दाब वाढतो. गाडीत काच बंद ठेवा, डोकं बाहेर काढू देऊ नका, धूळ आणि किडे थेट डोळ्यावर येतात. कोन प्रवासातही काढायचा नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच काढायचा. आणि तिथे गेल्यावर डाव्या डोळ्याची तिसरी पापणीही उलटून बघायला सांगा, ते आपणहून बघतीलच, तरी तुम्ही सांगा.